हा कुत्रा कोणाचा?



आमगावात व्याख्यान म्हटलं की लोक संस्कृत नाटककार भवभूतीची वाट बघतात. पदमपूर आपल्या शिवेला लागून, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं साधार मांडलं; आपल्या महाविद्यालयालाही त्याचंच नाव. त्यामुळं मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी उलट फोन करून खात्री करून घेतली, ‘डॉक्टरसाहेब, कुत्र्यांवर?’ हो, कुत्र्यांवर. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी कोणताही विषय लहान म्हणून बाजूला सारला नाही, एवढा आधार मला पुरेसा आहे.

माझी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. आपल्याकडे त्याला सरळ ढोरांचा दवाखाना म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. काम मुख्यतः गाई-म्हशींचं, बैलांचं, शेळ्यांचं. कुत्र्याचा नंबर तिथं शेवटी लागतो. पण माणसामाणसांतली भांडणं मात्र मी कुत्र्यापायीच सगळ्यांत जास्त पाहिली. बैल दुसऱ्याच्या धानात शिरला तर शिव्या होतात, कोंडवाड्याची धमकी होते आणि संध्याकाळी मिटतं. कुत्रा शेजाऱ्याच्या पोराला चावला की दोन घरांचं बोलणं पिढीभर बंद.

मी कोणत्या कुत्र्याबद्दल बोलतोय ते आधी सांगतो, नाहीतर अर्ध्या तासानं कोणीतरी उठून म्हणेल की नगरपरिषदेनं गाडी आणून सगळी उचलून न्यावीत. ज्याचं कोणीच नाही असा कुत्रा माझा आजचा विषय नाही. माझा विषय आहे तो कुत्रा ज्याला घर आहे, नाव आहे, दोन वेळचा भात आहे आणि ज्याला मालक मात्र सोयीपुरता आहे. गोंदिया रोडच्या, देवरी रोडच्या नव्या वस्त्यांतून पहाटे पाचला चक्कर मारा. फाटकाची कडी वाजते, आतून एक धष्टपुष्ट जर्मन शेफर्ड बाहेर पडतो, फाटक पुन्हा लागतं. मालक आत चहा घेतो. कुत्रा समोरच्याच्या दारात, देवळाच्या वाटेवर, शाळेच्या मैदानात आपला विधी उरकतो, सकाळी फिरायला निघालेल्या दोन-चार म्हाताऱ्यांच्या अंगावर धावतो आणि अर्ध्या तासानं फाटकाशी येऊन भुंकतो. कोणी बोललंच तर बाल्कनीतून उत्तर ठरलेलं, ‘काही करत नाही जी तो!’ जगातल्या प्रत्येक चावऱ्या कुत्र्याच्या मालकाचं शेवटचं वाक्य हेच असतं.

दुसरा प्रकार गरीब वस्तीतला. मातीचं किंवा अर्धं पक्कं घर, कुंपण नाही, कुत्रा छपरीत. त्याला बांधायचं म्हटलं तर कशाला? तो दिवसा मजुरीला जाणाऱ्यांच्या मागं शेतावर जातो, रात्री घर राखतो. या माणसाकडं मी बंगलेवाल्याएवढ्या रागानं पाहू शकत नाही. पण चावा दोघांच्या कुत्र्यांचा सारखाच खोल जातो.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चरची पुण्यतिथी. त्या सुमारास मोफत लसीकरणाची शिबिरं लागतात. मीही पुष्कळ लावली. मांडवात टेबल, बर्फाच्या पेटीत लशीच्या कुप्या, शेजारी रजिस्टर. पहिल्या तासात येतात ते चारचाकीतून उतरलेले लॅब्राडोर आणि पॉमेरेनियन. त्यांना बहुधा लस आधीच झालेली असते. मालकाला कार्डावर शिक्का हवा असतो. मग शाळा सुटते आणि खरी मंडळी येतात. सुतळीनं, दुपट्ट्यानं, सायकलच्या जुन्या ट्यूबनं बांधून मुलांनी ओढत आणलेली गावठी कुत्री. गळ्यात दोरी पडण्याची त्यांची पहिलीच वेळ, म्हणून चारी पाय मातीत रोवून बसतात. मुलगा त्याचं तोंड आपल्या पोटाशी घट्ट धरतो, मी मानेमागची सैल कातडी चिमटीत घेऊन सुई टोचतो, कुत्रं कुईं करतं, झालं. मग रजिस्टर. नाव? मोती. मालकाचं नाव? पोरगा बापाचं नाव सांगतो. तेवढ्यात बाप मागून येतो.

‘आमचा नाही जी तो. आमच्या दारात राहते.’

‘जेवतो कुठं?’

‘आमच्याच घरी जेवते.’

‘झोपतो?’

‘छपरीत.’

‘मग तुमचाच झाला की.’

‘नाव नका लिहू जी. उद्या कोणाले चावला तर?’

मालकाच्या नावाचा रकाना कोरा राहतो. हा माणूस लबाड नव्हे. त्यानं साधा हिशेब केलेला असतो. कुत्र्याची राखण त्याला नाव न लावताही मिळते. नाव लावलं की फक्त जबाबदारी मिळते. मग तो नाव कशाला लावेल? आमगावच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न माझ्या मते त्या कोऱ्या रकान्यात आहे. रात्री चोर आला तर कुत्रा आमचा, सकाळी पोर चावलं तर कुत्रा गावाचा.

आता म्हणाल, नाव लिहिल्यानं काय होतं, विषारी दात तर तोच! तर होतं, आणि वैद्यकीयदृष्ट्या फार मोठं होतं. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो रोगाची लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी, आणि लक्षणं दिसल्यावर कुत्रं फार जगत नाही. म्हणून चावल्यानंतर कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. उपचार त्याआधी लगेच सुरू करायचे असतात, कुत्र्याची वाट बघत बसायचं नसतं; पण दहा दिवसांनी कुत्रं डोळ्यांसमोर शेपूट हलवत असेल तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात आणि आईच्या जिवातला जीव परत येतो. हे सगळं केव्हा? कुत्रं कोणाचं आहे हे माहीत असेल आणि ते बांधून ठेवलेलं असेल तेव्हा. ‘आमचा नाही जी’ म्हटलं की ते दहा दिवसांचं निरीक्षण संपलं. मग तो कुत्रा पिसाळलेलाच आहे असं धरून चालावं लागतं.

आपल्या आधीच्या पिढीला पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. ती सेम्पलची लस. कसौलीला डेव्हिड सेम्पलनं १९११ मध्ये काढलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली. ती अपुरी होती, तिचे दुष्परिणामही गंभीर असत. तरी आपल्या देशात ती २००४-०५ पर्यंत चालली. आजच्या लशी दंडाला देतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. जखम खोल असली तर जखमेतच प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं. आणि सगळ्यांत स्वस्त उपचार म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुणं. आपल्याकडे अजूनही आधी तिखट भरतात, चुना लावतात, मग झाडफूक, मग मंतरलेलं पाणी, आणि दोन दिवसांनी ग्रामीण रुग्णालय. रोग एकदा दिसायला लागला की त्याला औषध नाही. पाण्याच्या घोटाला घाबरणारा रोगी ज्यानं पाहिला, तो माणूस पुढं कुत्र्याच्या प्रश्नावर विनोद करत नाही.

आयसीएमआरच्या अलीकडच्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरं चावतात, त्यांत तीन चतुर्थांश चावे कुत्र्यांचे, आणि रेबीजनं सुमारे ५,७०० माणसं मरतात. जागतिक आरोग्य संघटना आपला आकडा याच्या तिपटीहून जास्त धरत आली आहे. कोणता खरा, यावर तज्ज्ञ वाद घालतील. कुत्र्याला वर्षातून एकदा टोचायच्या लशीचा खर्च मोबाइलच्या एका महिन्याच्या रिचार्जएवढा, हा आकडा मात्र वादातीत आहे.

कुत्र्याच्या चाव्याला मालक जबाबदार, हे आपल्याला इंग्रजांनी किंवा प्राणिमित्रांनी शिकवलं असं कोणी समजू नये. इराकात बगदादजवळ एश्नुन्ना नावाच्या राज्याचे कायदे मातीच्या पाट्यांवर सापडले. पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे, किंवा त्याहूनही थोडे जुने. त्यांत असं कलम आहे की कुत्रा पिसाळलेला आहे, मोहल्ल्याच्या अधिकाऱ्यांनी मालकाला तशी सूचना दिली आहे, तरी मालकानं त्याला आवरलं नाही आणि कुत्रा चावून माणूस मेला, तर मालकानं चाळीस शेकेल चांदी भरायची. मेलेला गुलाम असला तर पंधरा. गुलामाचा हिशेब सोडा, पण बाकीची रचना पाहा. वॉर्डातली सूचना, मालकाची ओळख, ठरलेला दंड. एवढं त्या लोकांना तेव्हा जमत होतं.

आपल्या याज्ञवल्क्य स्मृतीतही व्यवहाराध्यायात आहे. दात असलेल्या किंवा शिंग असलेल्या जनावरानं कोणाला धरलं आणि मालक सोडवू शकत असूनही त्यानं सोडवलं नाही, तर त्याला प्रथम साहसाचा दंड. आणि त्या माणसानं ओरडून मदत मागितलेली असेल तर दुप्पट. हे ‘ओरडला असेल तर दुप्पट’ मला फार आवडतं. स्मृतिकारांनी बाल्कनीतला मालक पाहिलेला असणार.

दुसऱ्या बाजूचाही एक दाखला आहे, तोही महाराष्ट्रातला. १८३२ साली मुंबई सरकारनं मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली. शिपायाला कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस. आठ आणे ही तेव्हा मोठी रक्कम. मग शिपायांनी जे केलं असेल ते कोणीही सांगेल. रस्त्यावरचं कुत्रं पळतं, चावतं. अंगणातलं पाळीव कुत्रं शेपूट हलवत जवळ येतं. घरांतली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्रा पवित्र. त्यांच्या अंत्यविधीत त्याला स्थान आहे. जूनमध्ये कोटातल्या पारशांनी दुकानं बंद ठेवली, इतर समाजही सामील झाले, लष्कराची रसद अडली, लष्कर बोलवावं लागलं. मुंबईतली ही कुत्र्यांची दंगल. पुढं दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला, त्यामागं हीच पार्श्वभूमी. पाळीव कोणतं आणि बेवारस कोणतं हे गावालाच सांगता येत नसेल, तर सरकारी कारवाई आधी गरीब स्वभावाच्या कुत्र्यावर पडते. आजही गाडी येते तेव्हा लालू, मोती, टायगर सापडतात. खरा चावरा झुडपात असतो.

आजचा कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम सांगतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच २८९ वं कलम होतं आणि दंड हजाराचा होता. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ मध्ये आले. त्यांत पाळीव जनावराची लस, नसबंदी यांची जबाबदारी मालकावर आणि रस्त्यावरच्या जनावरांची स्थानिक संस्थेवर, अशी वाटणी आहे. १९६० चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा तर वाचण्यासारखा आहे. भुकेतहानेनं हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणं गुन्हा. संसर्गजन्य रोग झालेलं आपलं जनावर जाणूनबुजून रस्त्यावर मोकळं सोडणं गुन्हा. आणि ऐका, कुत्र्याला फार आखूड किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणं हाही गुन्हा, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही गुन्हा. म्हणजे ‘सोडू नको म्हणता ना, मग घ्या, बांधला’ म्हणून दोन हात साखळीवर उन्हात डांबणारा मालकही सुटत नाही. दंड? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात कुत्र्याचं एक बिस्किटाचं पाकीट येतं, आणि कायदा अजून तिथंच आहे.

न्यायालयांत गेली काही वर्षं या विषयावर गदारोळ चालू आहे, तो तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्या नागपूर खंडपीठानं म्हटलं, मोकाट कुत्र्यांना खायला घालायचं असेल तर ती दत्तक घ्या, नोंदवा, घरी न्या. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार भरपाई ठरवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठानं दिल्लीची सगळी मोकाट कुत्री उचलायला सांगितलं, अकरा दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते बदललं. नसबंदी-लस करून जिथली तिथं सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथं सोडू नका असा आदेश आला. आपलं स्टेशनही त्यात आलं. यातल्या प्रत्येक आदेशावर भरपूर भांडता येईल. माझी तक्रार एवढीच की या सगळ्या गदारोळात फाटक उघडून कुत्रा सोडणाऱ्या गृहस्थाकडं कोणाचं लक्षच जात नाही. प्राणिमित्र आणि प्राणिविरोधक एकमेकांच्या उरावर बसलेत आणि हा मधल्या मधे चहा पितोय.

रस्त्यावरची बेवारस कुत्री येतात कुठून? आकाशातून पडत नाहीत. आपल्याकडं पिल्लू घेताना पहिला प्रश्न असतो, नर आहे ना? नर घरात जातो, मादी रस्त्यावर. भाद्रपद-आश्विनात मोकळे सोडलेले घरोघरचे नर त्या मादीमागं जातात, दोन महिन्यांनी, नेमक्या थंडीत, पाच-सहा पिल्लं. एखाद्या घराची मादी व्यायली तर चांगली गुबगुबीत नर पिल्लं वाटून होतात, उरलेल्या माद्या पोत्यात घालून बाजाराच्या ओट्यावर, लाइनपलीकडं, राइस मिलच्या मागं. पोत्याचं तोंड सैल बांधायचं, म्हणजे मन खात नाही. त्यातल्या ज्या जगतात त्या पुढच्या भाद्रपदात हजर. नरांची नसबंदी सुचवली की पुरुषमंडळींचे चेहरे पाहण्यासारखे होतात. जणू शस्त्रक्रिया त्यांचीच आहे. ‘मग तो राखण करणार नाही’, हे त्यावरचं उत्तर. राखण कुत्रा वृषणानं करत नाही, नाकाकानानं करतो. उलट, नसबंदी झालेला नर मादीमागं चार-चार दिवस बेपत्ता होत नाही, म्हणजे राखणीला घरी तरी असतो.

मोकळ्या कुत्र्यांचा त्रास फक्त चावण्याचा नाही. दिवाळीनंतर आपल्याकडं मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहून पहाटे तीन-चारला पोरं दुचाकीवर परततात, गावाच्या वेशीवर चार कुत्री चाकाला लागतात, मागं बसलेला पाय वर घेतो, तोल जातो. रुग्णालयाच्या नोंदीत तो अपघात लागतो, कुत्रा लागत नाही. शेळीवाल्या बायकांना विचारा. रात्री गोठ्यात शिरून शेळ्यांच्या मांड्या फाडणारी टोळी बेवारस असतेच असं नाही. सकाळी त्यांतली दोन आपापल्या घरी जाऊन ताक-भात खातात.

आणि आपला जिल्हा जंगलाचा, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात सारस क्रौंच म्हटलं की गोंदियाचंच नाव येतं. शेजारच्या भंडाऱ्यात एखाद-दुसरा दिसला तर बातमी होते. गेल्या काही गणनांत जिल्ह्यातली संख्या चाळिशीच्या आतच राहिली आहे. पुरुषभर उंचीचा हा पक्षी घरटं घालतो कुठं, तर ऐन पावसाळ्यात, धानाच्या बांधीत. बहुधा दोन अंडी, महिनाभर ऊब. त्या महिन्यात शेतावर मालकामागं गेलेलं एक मोकळं कुत्रं पुरेसं आहे. आपल्या शेतकऱ्यांनी सारसाच्या घरट्यापुरता धान न कापता राखला, असं मी पाहिलं आहे. त्याच शेतकऱ्याच्या कुत्र्यानं ते घरटं मोडू नये.

नवेगाव-नागझिऱ्यात रानकुत्री आहेत, ज्यांना आपण कोळसून म्हणतो. वाघ पाहायला आलेला पर्यटक त्यांच्याकडं बघत नाही, पण जगात त्यांची संख्या वाघापेक्षा फार चांगली नाही. घरच्या कुत्र्यांचा डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज, हे सगळे रोग त्यांना होतात. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा बहुतेक कुत्र्यांना डिस्टेंपर आणि पार्व्हो होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. तिथल्या खोकडांवर त्याच चमूनं आणखी काम केलं: कुत्रं जवळपास असलं की खोकड समोरचं अन्न सोडून देते. न चावताही उपासमार होते ती अशी. आणि डिस्टेंपरनं काय होतं ते २०१८ साली गीरमध्ये दिसलं. थोड्या आठवड्यांत वीसहून जास्त सिंह गेले. सालेकसा-देवरीच्या जंगलाकाठची आपली कुत्री रोज आत-बाहेर करतात. बिबट्याही त्यांच्याच वासानं गावात येतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार मोजला, तर त्यातला सर्वांत मोठा वाटा, चाळीस टक्क्यांच्या जवळ, कुत्र्यांचा होता. कुत्रं उघड्यावर झोपवून बिबट्या आला म्हणून वनखात्याला घेराव घालणं हा आपला आवडता कार्यक्रम आहे.

कोणी म्हणेल, आपली संस्कृती प्राण्यांवर दया करणारी. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले. बरोबर, पण ते धावले होते. पोळी फेकून फाटक लावून आत गेले नाहीत. धर्मराजानंही, मागून चालत आलेल्या, आपल्या मालकीच्या नसलेल्या कुत्र्याची जबाबदारी स्वर्गाच्या दारात नाकारली नाही. आपण आपल्याच घरच्याची रजिस्टरासमोर नाकारतो.

उपाय आहेत, आणि ते परदेशातलेच असले पाहिजेत असं नाही. जपाननं १९५० मध्ये कायदा करून प्रत्येक कुत्र्याची नोंद आणि दरवर्षी लस सक्तीची केली. सात वर्षांत तिथून रेबीज गेला. ब्रिटननं १८६७ पासून चालवलेला कुत्र्याचा परवाना मात्र १९८७ मध्ये गुंडाळला, कारण वसुलीचा खर्च शुल्कापेक्षा जास्त होत होता; तेव्हा नुसता परवाना काढून पावती फाडण्यात अर्थ नाही. आपल्या शेजारचं गोवा पाहा. तिथं २०१३-१४ पासून घराघरांत जाऊन आणि रस्त्यावर जाळ्यांनी धरून, वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांना लस टोचली. शिबिर लावून लोकांची वाट पाहत बसले नाहीत, दारात गेले. माणसांतला रेबीज शून्यावर आला आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. सूत्र एकच, दर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की साखळी तुटते.

आमगावला हे जड नाही. ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद, मग कोर्ट, मग प्रशासक, या सगळ्या येरझारात आपली बरीच वर्षं गेली, हे खरं. त्या काळात कुत्र्यांचा हिशेब कोणी ठेवायचा हा प्रश्न विचारणंही हास्यास्पद होतं. पण वॉर्डनिहाय एक रजिस्टर करायला कोणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. सप्टेंबरात आठवडाभर जनावरांच्या दवाखान्याची माणसं आणि आशाताई बरोबर घेऊन घरोघर फिरावं. ज्याच्या दारात कुत्रा जेवतो त्याच्या नावावर तो लिहावा. लस तिथल्या तिथं, फुकट. गळ्यात रंगीत पट्टा. पट्ट्याचा रंग दरवर्षी बदलावा, म्हणजे कोणाची लस राहिली ते शाळेतलं पोरही ओळखेल. नाव लिहून देणाऱ्याला मादीची नसबंदी फुकट करून मिळावी. आज नाव लावण्यात नुसता तोटा आहे, तो हिशेब असा उलटा केल्याशिवाय तो बाप रकाना भरू देणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

बंगलेवाल्याचं वेगळं. त्याला फुकटाची गरज नाही, भीतीची आहे. पट्टा असलेलं पण माणसाशिवाय फिरणारं कुत्रं दिसलं की त्याच दिवशी मालकाच्या दारात पावती. पहिल्यांदा पाचशे, पुढं दुप्पट. उपविधी करण्याचा अधिकार नगरपरिषदेला आहे. आणि चावा झालाच, तर दहा दिवस कुत्रा बांधून रोज दवाखान्यात दाखवायची हमी मालकानं लेखी द्यावी. दिली नाही तर पोलिसांत २९१. असे दोन-तीन गुन्हे आमगाव ठाण्यात नोंदले गेले की पहाटेची किती फाटकं बंद राहतात ते मला पाहायचं आहे.

पिटबुल, रॉटवायलर यांच्यावर बंदीचं काय, असं कोणीतरी विचारणार. केंद्रानं २०२४ च्या मार्चमध्ये तेवीस जातींबद्दल परिपत्रक काढलं होतं, ते न्यायालयात टिकलं नाही. माझ्या टेबलावर चाव्याच्या जेवढ्या तक्रारी आल्या त्यांतली बहुतेक कुत्री साधी गावठी होती. जातीवर बंदी घालून मालक सुटतो, म्हणून ती मागणी मालकांनाच जास्त आवडते.

वेळ संपत आली आहे. समोर दुसऱ्या रांगेत नगरपरिषदेची काही मंडळी बसलेली दिसतात, त्यांना प्रश्न विचारायला माझ्यापेक्षा तुम्हीच योग्य. माईक त्यांच्याकडं द्या.